उठा आता

शिवरातीच्या आदल्या दिवशी गुरुपादप्पाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लाकडासारखी पडली, तोंड एका अंगाला ओढलं, वाचा बसली. तेव्हापासून त्याला बघायला जेवढी माणसं येऊन गेली, तेवढी त्याच्या दोन्ही नातींच्या लग्नांना मिळूनसुद्धा आली नव्हती. दुष्काळाचं साल. बैलं छावणीला बांधलेली, रानात ढेकळं तापत पडलेली. ज्यांच्या अंगात जोर होता ते रोजगार हमीच्या तळ्यावर माती उपसायला जात. बाकीच्यांना काम नव्हतं. आजारी माणूस बघायला जाणं हे एक काम होतं, आणि त्याला सावली होती.

येणारा यायचा, बाजेच्या उशाशी बसायचा आणि "कसंय गुरुपादप्पा?" असं ओरडून विचारायचा, जसं काही वारं म्हाताऱ्याच्या कानावरून गेलं होतं. मग सुनेकडं वळून एक सल्ला द्यायचा. कुणी लसणाचं तेल सांगितलं, कुणी धर्माबादेकडचा एक वैद्य सांगितला. एकानं तर पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं; आपण लिंगायताच्या ओसरीत बसलोय ह्याचं भान त्याला चहा पिऊन झाल्यावर आलं. उठताना जो तो म्हणायचा, "म्हाताऱ्याला जप गं बाई."

"हाव," नीलम्मा म्हणायची आणि कपबशा गोळा करायची.

नीलम्मा म्हणजे सून, बसलिंगप्पाची बायको. माहेर मुरुडकडचं. दोन लेकी उजवून बसलेली, गुडघे आत्ताच कुरकुर करायला लागलेली. तिला जप म्हणून कुणी कुणाला सांगून गेलं नाही. तसा रिवाजच नाही. जो पडलाय त्याला बघायला यायचं असतं. जी उभी आहे तिच्यापाशी चहा मागायचा असतो.

औशाच्या डॉक्टरनं बसलिंगप्पाला नीट समजावून सांगितलं होतं. कूस बदलत राहा, पाठीला फोड येऊ देऊ नका, घडीघडीला उठवून बसवा, आणि बोलत राहा, बोलायला लावा. बसलिंगप्पानं ते मान डोलवून ऐकलं, घरी येऊन बायकोला जसंच्या तसं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावर कामाला गेला. ऐकायचं त्यानं, करायचं तिनं, अशी वाटणी झाली. एक काम मात्र त्यानं मनापासून केलं. छावणीला गेलेल्या बैलाचा कासरा घेतला आणि बाजेच्या वरच्या आढ्याला बांधून खाली सोडला, म्हणजे बापानं उजव्या हातानं धरून जरा वर व्हावं. म्हातारा तो कासरा दिवसभर धरून असायचा. वर व्हायला नाही, नुसता धरायला. जन्मभर कासरा हातात असलेला माणूस, मोकळा हात त्याला कसासाच वाटत असणार.

पाण्याचं तर विचारू नये. टँकर वेशीजवळच्या कोरड्या आडात पाणी ओतायचा आणि त्या आडात सगळं गाव पोहरे सोडायचं. नीलम्मा पहाटेच जायची. आणलेल्या घागरीतलं पाणी तिच्या घरात तीन जन्म घ्यायचं: आधी म्हाताऱ्याचं अंग पुसायला, मग तेच त्याची धडपी खळबळायला, आणि मग परसातल्या बेलाच्या बुडाला. बेल जगला पाहिजे होता. बेलाशिवाय म्हाताऱ्याची पूजा होत नव्हती आणि पूजेशिवाय म्हातारा घास घेत नव्हता.

ह्या पूजेनं सुरुवातीला फार छळलं. गळ्यातलं लिंग घ्यायचं डाव्या तळहातावर, आणि मेला होता तो नेमका डावा हात. पहिले दोन दिवस म्हाताऱ्यानं तोंड फिरवून घेतलं, पेज गालावरून ओघळली. शेवटी बसलिंगप्पाला उमगलं आणि त्यानं बापाचा हात आपल्या हातावर धरला. पण त्याला तळ्यावर हजेरीच्या आधी पोचायचं असायचं. मग ते नीलम्माकडं आलं. लग्न होऊन आल्यापासून तिचं बोट सासऱ्याला लागलं नव्हतं, त्याच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळला नव्हता, त्याच्या नजरेसमोर तिनं घास खाल्ला नव्हता. पहिल्या दिवशी तिनं तो गार, जड हात आपल्या ओंजळीत घेतला आणि डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्यानंही मिटले. दोघांनी एकमेकांची लाज अशी राखली. पुढं सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

मग पाडवा झाल्यावर म्हाताऱ्याला वाचा फुटली.

दुपार होती. पुसणं, धुणं, पेज भरवणं, दोनदा कूस बदलणं, एक पाव्हणा, त्याचा चहा, एवढं आटपून नीलम्मा खांबाला पाठ लावून जरा टेकली होती. पाय लांब केले होते. इतक्यात बाजेवरून घोगरा, चिकट आवाज आला.

"उठा... आता."

ती ताडकन उठली. आधी कळेचना कोण बोललं. म्हातारा तिच्याकडंच बघत होता. एक डोळा अर्धा मिटलेला, दुसरा टक्क उघडा.

"मामा? बोलला की वं तुमी!"

"उठा आता," म्हातारा म्हणाला.

तिला वाटलं, उठवून बसवा म्हणतोय. तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला वर घेतलं, पाठीशी वाकळीची गुंडाळी लावली. म्हाताऱ्यानं मान हलवली. नाही, नाही. पुन्हा तेच. तिनं त्याला पुन्हा निजवलं. पुन्हा तेच. ती घामानं निथळली, पण खूश होती. सांजच्याला नवरा अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच तिनं सांगितलं. बसलिंगप्पा धुळीच्या अंगानंच बाजेपाशी बसला आणि बाप त्याला म्हणाला, "उठा आता."

बसलिंगप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अवं अप्पा, आत्ताच आलो की," तो म्हणाला, आणि हसला.

त्यानंतर म्हातारा दुसरं काही बोललाच नाही. तेवढेच दोन शब्द. डॉक्टर म्हणाला, असं होतं, एखादाच शब्द जिभेवर राहतो.

नीलम्माला एक गोष्ट मात्र नवलाची वाटायची. सगळ्या जन्मात सासरा तिला 'ऊठ गं', 'आण गं' असंच बोलला होता. आता 'उठा'. जावयाला म्हणावं तसं. "वाऱ्यानं म्हाताऱ्याला रीत शिकवली बग," ती शेजारच्या नागुबाईला म्हणाली. नागुबाई कपाळाला हात लावून हसली होती.

हसणं फार दिवस टिकलं नाही.

झालं काय, की एके दुपारी चन्नबसप्पा दुकानदार आला. तोही लिंगायतच, मान मोठा. त्याचं बूड एकदा टेकलं की सावली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाईस्तोवर हलायचं नाही. लातूर जिल्हा झाला ह्याचा त्याला असा अभिमान, की जसं काही जिल्ह्याचा हुकूम त्याच्या गल्ल्यावरूनच निघाला.

"आता फिकीर नको, गुरुपादप्पा," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "उस्मानाबादला खेटे घालायचे दिवस गेले. कलेक्टर हितं, मोठा दवाखाना हितं. समदं हाताशी आलं."

"पाणी तेवढं यायचं राह्यलं," नीलम्मा आतून म्हणाली.

"ते बी येईल, येईल. जिल्हा लहान हाय आजून. लेकरू हाय."

म्हाताऱ्यानं चन्नबसप्पाकडं निरखून पाहिलं आणि स्वच्छ म्हणाला, "उठा आता."

चन्नबसप्पाची बशी ओठापाशीच थांबली. त्यानं नीलम्माकडं बघितलं. नीलम्मानं पदर तोंडात घातला. चन्नबसप्पा उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "बरं हाय. उठतो. आमी काय खायला आलो न्हवतो." गावात त्यानं दोन शब्दांचे वीस केले. मग लोक यायचे थोडे कमी झाले. हिशेबानं बघितलं तर नीलम्माचा त्यात फायदाच होता. चहा वाचला, साखर वाचली, खळबळायचं पाणी वाचलं.

पण पाव्हणे कमी झाल्यावर ते दोन शब्द सगळेच्या सगळे तिच्या वाट्याला आले.

ती जात्याशी बसली, उठा आता. ती खांबाला टेकली, उठा आता. भाकरी थापून, चूल सारून, पदरानं वारा घेत उंबऱ्यावर बसली की त्या बाजेवरून, ओढलेल्या तोंडातून, लाळेसकट ते यायचं: "उठा आता." आणि उत्तर मिळाल्याशिवाय थांबायचं नाही. ती उठायची. त्याला उठवायची, बसवायची. तो मान हलवायचा, रागानं उजवा हात कासऱ्यावर आपटायचा. मग पुन्हा.

एक दिवस तिनं त्याला उचललं आणि तिच्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. हात सुटले नाहीत, पण पाय सुटले. म्हाताऱ्याला छातीशी धरून ती बाजेपाशी खाली बसली आणि तशीच राहिली. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर. ओरडावं तर लाज. दार उघडं, रस्त्यावरनं कुणी बघितलं तर काय म्हणेल, हेच तिच्या मनात आधी आलं. दुखणं मागनं आलं. नागुबाई शेणकुटं मागायला आली म्हणून दोघं सुटली.

नागुबाईनं आधी म्हाताऱ्याला वर घेतलं, मग हिला. जुन्या धोतराच्या पट्टीनं तिची कंबर आवळून बांधली. गाठ मारताना म्हणाली, "तू पडलीस तर तुला बघायला येणार की सगळे. मी बी येईन. पण माय, चहा कोण करंल?"

नीलम्मा हसायला गेली आणि रडली.

त्या सांजेला नवरा जेवायला बसला तेव्हा तिनं भाकरी वाढली आणि उभी राहिली.

"बस की," बसलिंगप्पा म्हणाला.

"बसू देतेत का? बसले की म्हणतेत उठा आता. तुमी बगता न्हाई का? मी चालताना म्हणत न्हाईत. पाणी आणताना म्हणत न्हाईत. बूड टेकलं की म्हणतेत. लगीन होऊन आले तवापासून उठलेच की मी! आजून किती उठू?"

"डोस्कं गेलंय त्येंचं. मनाला लावून घेती का कुणी?"

"डोळे गेले न्हाईत त्येंचे. बगून म्हणतेत. माझ्याकडं बगून."

बसलिंगप्पा ताटातच बघत राहिला. माती उपसून त्याच्याही तळहाताला फोड आले होते, भाकरी मोडताना तो अंगठा वाचवत होता. ते तिला दिसत होतं. पण त्या दिवशी तिनं ते हिशेबात धरायचं नाही असं ठरवलं होतं.

"वन्संला बोलवा," ती म्हणाली. "पोटची लेक हाय. चार महिने मामांस्नी तिकडं ऱ्हाऊ द्या. न्हाईतर मी मुरुडला जाते. भावाच्या दारात पडून ऱ्हाईन, पण पडून ऱ्हाईन."

तिच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. बसलिंगप्पाचा घास हातातच राहिला. ओसरीतून आवाज आला, "उठा आता." नीलम्मा गेली नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच.

निलंग्याकडं जाणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप गेला आणि शिवगंगा भालकीहून आली. निलंग्यात एस्टी बदलून, औशात बदलून, उन्हानं लाल झालेली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात हुग्गीचा डबा. बापाला बघायला ती शिवरातीला येऊन गेली होती, पण तेव्हा त्याला वाचा नव्हती. आता ती बाजेवर बसली, बापाच्या कपाळाला विभूती लावली आणि भावाला म्हणाली, "आण्णा, नेते मी. माझी सासू बी पडूनच हाय. एकीचं करायलाव, दोगांचं करीन."

हे ती म्हणाली, पण म्हणताना कासऱ्याकडं बघत होती. नीलम्मानं ते टिपलं. दुसऱ्याच्या गळ्यात बोजा टाकताना बाईला दुसरीच्या गळ्याची मापं बरोबर कळतात. शिवगंगेच्या हाताला फिनेलचा वास येत होता आणि बांगड्या कोपरापर्यंत सैल झाल्या होत्या. पण नीलम्मानं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर म्हातारा इथंच राहिला असता.

औशाची जीप ठरली. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर येणार होती. बसलिंगप्पा त्या दिवशी कामावर गेला नाही. त्यानं बापाच्या कानापाशी तोंड नेऊन सांगितलं, "अप्पा, शिवगंगाकडं जायचंय. भालकीला. थोडे दिस. पाऊस झाला की आणतो."

म्हाताऱ्यानं उजव्या हातानं कासरा एक वेढा घालून मनगटाला गुंडाळला. बसलिंगप्पानं सोडवायला बघितला. सुटेना. पडलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर कुठून येतो कुणास ठाऊक. बसलिंगप्पा अंगणात जाऊन उगाच दावणीचे खुंटे हलवून बघत राहिला. बैलं नव्हती, तरी खुंटे हलवले.

दुपार कलायला आली. शिवगंगा ओसरीत बसून बापाची धडपी घड्या करून पिशवीत भरत होती. नीलम्मानं पहाटेपासून सगळ्यांचं केलं होतं: वाटेसाठी भाकरी, म्हाताऱ्याची पेज, नणंदेला जेवायला, नवऱ्याला जेवायला. आता ती कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकली.

"उठा आता?" बाजेवरून आवाज आला.

नीलम्मानं डोळे मिटले. आजचा शेवटचाच, असं मनाशी म्हणून ती भिंतीला धरून उठायला लागली.

"आतु, अप्पा, आतु," शिवगंगा धडप्याची घडी दाबत म्हणाली. तिचं लक्षही नव्हतं. माशी वारावी तसं म्हणाली.

म्हातारा गप्प झाला.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच गप्प झाला. मान हलवली नाही, हात आपटला नाही. नीलम्मा अर्धी उठलेली तशीच राहिली.

"वन्सं, काय म्हणला तुमी?"

"कवा?"

"आत्ता. मामांस्नी."

"काय म्हणलं?" शिवगंगा आठवायला लागली. "आतु म्हणलं. जेवले म्हणलं. त्येनी इच्यारलं न्हवं का, जेवलीस का म्हणून."

"त्येनी कुठं इच्यारलं? त्येनी उठा म्हणलं. उठा आता."

शिवगंगेनं हातातलं धडपं खाली ठेवलं. बापाकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं. "उठा न्हवं गं वयनी. ऊटा. ऊटा म्हंजे जेवण. ऊटा आता? जेवण झालं का? आमच्या भालकीत सगळे असंच म्हणतेत. दारात शेजारीण आली तरी कसी हायस म्हणून न्हाई इच्यारत कुणी. ऊटा आता, म्हणतेत."

अंगणातून बसलिंगप्पा आत आला. "अप्पाला कानडी कुठं येती? आपल्या जन्मात कवा बोलले न्हाईत."

"अप्पा कुठले, आण्णा? तिकडचेच की. आपली आजी वारली आन् अप्पाच्या आत्याबाईनं त्येंला हिकडं आणून सोडलं. इवलंसं लेकरू होतं म्हणे. हितं पोरं कानडी बोललं की चिडवायची, म्हणून सोडली ती सोडलीच. मला सासर भालकीचं बगितलं तवा बी घरी कानडीतला एक शब्द बोलले न्हाईत." शिवगंगा बापाकडं वळली. "मागनं आलेली मराठी वाऱ्यानं नेली असंल. तळातली ऱ्हायली."

मग ती एकाएकी हसायला लागली. "आन् तुमी त्येंला उचलून बसवायलाव व्हय गं? ते जेवलीस का म्हणतेत, तू उचलून बसवती! अगं माय!"

"चन्नबसप्पा उठून गेला की वं," बसलिंगप्पा म्हणाला. "रुसून बसलाय."

"त्येला जेवायचं इच्यारलं आन् त्यो उठून गेला?" शिवगंगा डोळे पुसत, पोट धरून हसत राहिली. बसलिंगप्पाही हसला.

नीलम्मा हसली नाही. ती मागचे दिवस एकेक करून उलटून बघत होती. ती बसली की म्हणायचा. बरोबर. बसायची कधी? सगळ्यांचं आटपून. पाव्हणे गेल्यावर, धुणं वाळत घातल्यावर, चूल सारल्यावर. तेव्हा तिच्या पोटात काय असायचं? बहुतेक वेळा काहीच नाही. शिळ्या भाकरीचा कोर उभ्यानं, पाण्याशी. कधी तोही कुत्र्याला टाकलेला, कारण खायचा कंटाळा. हे ह्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. बाजेवर पडलेला तो एक उघडा डोळा दिवसभर तेवढंच बघत होता. तिची पाळतच होती म्हणा. तिला वाटायचं तो उठवतोय; तो विचारत होता, आणि ती त्याला काखेत धरून हेलपाटत होती.

म्हातारा पुन्हा बोलला. शिवगंगेकडं न बघता. तिच्या पलीकडं, उंबऱ्याकडं बघत.

"ऊटा आता?"

"मला न्हाई, तुला इच्यारतेत," शिवगंगा हळूच म्हणाली.

"काय म्हणायचं असतंय?" नीलम्मानं विचारलं.

"जेवली असलीस तर, आतु. नसलीस तर, इल्ला."

नीलम्माच्या तोंडात 'आतु' लगेच आला. नवा शब्द, पण गोष्ट जुनी होती. 'झालं माझं', 'मी मागनं बसते', 'तुमी घ्या, मला भूकच न्हाई' असं ती एवढी वर्षं म्हणत आली होती. सासू होती तेव्हा सासूला, मग नवऱ्याला, मग लेकींना. त्यात खोटं बोलल्यासारखं कधी वाटलंच नव्हतं. बायांची ती बोलण्याची रीत होती, राम राम म्हणावं तशी. आणि सगळे ते खरं मानून हात धुवायला उठायचे.

म्हातारा वाट बघत होता. कासरा मनगटात रुतला होता.

तिनं पदर पुढं ओढला. मान खाली घातली. आणि सासऱ्याला, आयुष्यात पहिल्यांदा, खरं सांगितलं.

"इल्ला."

म्हाताऱ्याच्या छातीतून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. त्यानं उजवा हात असा आपटला की आढं करकरलं, वरचं कसपट खाली पडलं. नजर लेकाकडं. लहानपणी मार खायच्या आधी बसलिंगप्पानं जी नजर बघितली होती, तीच.

"वाढतो की वं, अप्पा," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात शिरला.

आतून डबे वाजायला लागले. भाकरीची दुरडी शिंक्यावर, ती त्याला चुलीच्या कोपऱ्यात सापडेना. "मीठ कुटं ठिवती गं?" त्यानं विचारलं. शिवगंगा सांगायला उठली, पण नीलम्मानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"हुडकू द्या," ती म्हणाली.

त्यानं हुडकलं. ताटलीत दोन भाकरी, पिठल्याचा गोळा मधोमध न पडता काठावर, कांदा न सोललेला तसाच. हुग्गीच्या डब्यातली हुग्गी मात्र भरपूर वाढली होती. सापडलेलं ते एकच गोड होतं. ताटली त्यानं तिच्यापुढं ठेवली आणि कुठं उभं राहावं ते न कळून उभा राहिला.

म्हातारा बघत होता. त्याच्यासमोर जेवायचं म्हणजे नीलम्माला तो आपली अंघोळच बघतोय असं वाटलं. ती जरा वळून बसली, पदर दातात धरला. मग तसं खाता येईना म्हणून पदर सोडला. पहिला घास गिळला तेव्हा त्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. दुसरा घास मोठा घेतला. तिसरा त्याहून मोठा. भूक एवढी होती हे तिला खाताना कळलं. कमरेची पट्टी पोटाला काचायला लागली, तशी तिनं एका हातानं गाठ सैल केली, सगळ्यांसमोर.

शिवगंगेनं पिशवीतलं एक धडपं काढून पुन्हा दोरीवर टाकलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"जीप येईल आत्ता," बसलिंगप्पा म्हणाला.

"येऊ द्या. चहा पाजून परत लावा," नीलम्मा घास चावत म्हणाली. "मामा हितंच ऱ्हातेत. पर ऐका. पहाटं तळ्यावर जायच्या आदी त्येंला पुसून, बसवून, पूजा करून मगच जायचं. ते तुमचं. माझी कंबर आता कुणाला उचलणार न्हाई. वन्सं, चार दिस ऱ्हावा, तिकडं सासूबाईंचं दुसरं कोण बगंल तर. मला बोलायला शिकवा. आन् तुमी बी जरा निजा हितं. डोळे बगा कसे झालेत."

शिवगंगेनं खालीच, बापाच्या बाजेला डोकं टेकवून डोळे मिटले. बहुतेक तेव्हाच झोपली.

बसलिंगप्पा मान खाली घालून ऐकत होता. मजुरांना जशी मुकादमाची वाटणी ऐकून घ्यावी लागते, तसा. मग त्यानं माठातून तांब्या भरला आणि तिच्याशेजारी ठेवला. ठेवून उभाच राहिला. बहिणीला वाढलं तेव्हा तो 'मागनं बसतो' म्हणाला होता, आणि मग बापाच्या मनगटाच्या कासऱ्याशी झटत बसला होता. नीलम्मानं त्याचं ताट वाढून ठेवलं होतं, ते तसंच झाकून होतं. हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाजेवरच्या डोळ्याच्या मात्र आलं होतं.

"ऊटा आता?" म्हातारा म्हणाला. ह्या वेळी नजर लेकावर होती. कासरा मनगटावरून सुटून लोंबत होता.

बसलिंगप्पानं बायकोकडं बघितलं. "मी काय म्हणू?"

"इल्ला म्हणा."

"इल्ला म्हंजे?"

नीलम्मानं दुसरी भाकरी मोडली आणि ताटली थोडी त्याच्याकडं सरकवली.

"म्हंजे बसा."